चरवीतलं दही

आमच्या सासूबाईंचं सोवळं इतकं कडक, की परसातून आत येणारा वारासुद्धा कुणाकुणाला शिवून आला असेल याचा त्या विचार करतात, असं आमचे हे म्हणायचे. अर्थात त्यांच्या माघारी. तोंडावर म्हणायची छाती एकुलत्या एक मुलाचीही नव्हती, मग माझी काय कथा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी खोकलासुद्धा पदरातच खोकत असे.

त्या उन्हाळ्यात सोलापुरात ढाळ-ओकारीची पटकी होती. तो शब्द घरात कुणी उच्चारत नसे, नुसतं ‘साथ’ म्हणायचं. पलीकडच्या आळीतला एक माणूस सकाळी धडधाकट पाणी भरताना मी पाहिला होता, आणि दिवेलागणीच्या आत त्याला उचलून नेलं. तेव्हापासून सासूबाईंनी घराला कडीच घातली. भाजीवाली बंद, गाडग्यातलं विकतचं दही बंद, पाणी उकळून दुहेरी फडक्यातून गाळायचं. कल्हईवाला भाता खांद्यावर टाकून दारात आला, तर त्यालाही उंबऱ्यापलीकडूनच पुढची वाट दाखवली. “घरोघरची भांडी हाताळतो तो,” म्हणाल्या. पुढच्या खेपेला आला तेव्हाही तेच. भांडी मात्र त्या स्वतः चिंच आणि राख घेऊन अशी घासत, की आमचं स्वयंपाकघर सोन्यासारखं लखलखे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

अशात पुण्याहून नणंदेच्या मुलाच्या मुंजीचं बोलावणं आलं. हे गिरणीत कारकून, त्यांना रजा मिळाली आणि आम्ही तिघांनी जायचं ठरलं. सासूबाईंनी आदल्या रात्री दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या, कारण दशमीला प्रवासात विटाळ नाही, आणि झाकणाच्या पितळी चरवीत दही लावलं. स्टेशनावर पाऊल ठेवायच्या आधीच मुलाला बजावलं, “फलाटावरचा चहा नाही, भजी नाही, पाण्याचा थेंब नाही.” त्या दिवशी संकष्टी होती. आम्हा दोघींना उपास. त्यामुळे दशम्या आणि दही, सगळं ह्यांच्या एकट्याच्याच वाट्याचं होतं.

मोहोळच्या अलीकडे ते जेवले. “दही जरा तुरट लागतंय,” म्हणाले. “उन्हाळ्यातलं दही ते, असायचंच,” सासूबाई म्हणाल्या. आईच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला मुलगा. तळाशी थोडं राहिलं, तेवढं सोडून सारं संपवलं.

मोहोळ सोडलं आणि ते एकदम गप्प झाले. कपाळावर घाम आला. मग खिडकीला धरून जे ओकायला लागले, ते थांबेचनात. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि डोळ्यांपुढे पलीकडच्या आळीतला तो पाणी भरणारा माणूस दिसत होता.

मोहोळला चढलेली एक शेतकरीण समोर टोपली घेऊन बसली होती. तिनं बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, “बाय, ढाळ बी हायती का?”

“नाही,” मी म्हटलं.

“सोलापूरचं न्हवं तुमी?”

मी मान डोलावली. तिनं टोपली उचलली, पोराला काखेत मारलं आणि डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. जाताना म्हणाली, “राग मानू नगं. ल्हान लेकरू हाय की माजं.” तिच्यामागोमाग बाकीचेही सरकले. गच्च भरलेल्या डब्यात आमच्या भोवतीची बाकं रिकामी झाली. मला राग आला नाही. मलाही तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण जाणार कुठं? माझा नवरा त्या बाकावर होता.

कुर्डुवाडीला त्या दिवसांत सोलापूरकडून येणारी माणसं तपासत. रोगी सापडला की त्याला स्टेशनापलीकडच्या तट्ट्याच्या छपरीत नेत. त्या छपरीबद्दल सोलापुरात एकच बोललं जाई, की आत माणूस जातो आणि बाहेर निरोप येतो. सासूबाईंनाही ते ठाऊक होतं. त्या मुलाचं डोकं मांडीवर घेऊन पुटपुटत होत्या, “बाळ, थोडा वेळ आवर. कुर्डुवाडी जाईपर्यंत आवर रे.” ओकणं कुणाच्या आवरण्यानं आवरलंय का? पण मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते.

माढ्याच्या पुढे तांब्यातलं पाणी संपत आलं. चूळ धरायला भांडं हवं म्हणून मी चरवीतलं उरलेलं दही खिडकीबाहेर ओतलं. आत नजर गेली आणि हात तसाच राहिला. चरवी आतून पिवळीधमक होती. जिथं कल्हईचा रुपेरी रंग दिसायला हवा, तिथं नुसतं पितळ. आणि दह्याच्या रेघेखाली सगळीकडे, आंबटानं पितळेवर धरतो तो हिरवट कळक चढला होता.

माझ्या माहेरी असंच एकदा ताक कळकलं होतं, आणि ते पिऊन घरातली सगळी ओकली होती. दुसऱ्या दिवशी सगळी हिंडूफिरू लागली. म्हणजे ही साथ नव्हे! क्षणभर मला रडू फुटायचंच बाकी राहिलं. आणि लगेच दुसरी भीती आली. कळकच असेल कशावरून? दोन्हीही असलं तर? आणि सासूबाईंना सांगायचं कसं? तुमच्या हातचं सोवळ्यातलं दही तुमच्या मुलाला बाधलं, हे सुनेनं सासूला कुठल्या तोंडानं सांगायचं? एवढ्यात गाडीचा वेग मंदावला. कुर्डुवाडी आली.

डॉक्टर डब्यात चढला. तरुणच होता, पण डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल. मागे दोन माणसं डोली घेऊन उभी. त्याला काही सांगावं लागलं नाही. रिकामी बाकं पाहून तो सरळ आमच्याकडे आला.

“काय खाल्लं होतं यांनी?”

“घरचं,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या हातचं. सोवळ्यातलं.”

“बाहेरचं काही?”

“पाण्याचा थेंब नाही.”

“मग बाई, खाण्याचं कारण उरलंच नाही. सोलापूरची साथच म्हणायची,” तो थकून म्हणाला, आणि डोलीवाल्यांना खूण केली.

त्यांनी ह्यांच्या काखेत हात घातले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी ती चरवी उघडीच सासूबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवली.

त्यांनी आत पाहिलं. बोट फिरवलं. बोट हिरवं झालं. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं आता ह्याच खाली पडतात. कल्हईवाल्याला दोनदा हाकललेलं त्यांना तेव्हाच आठवलं असणार. मग त्या उठल्या आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, सोडा त्याला. साथ नाही ही. भांड्याची कल्हई उडालीय. रोगाच्या भीतीनं मी कल्हईवाला दारात येऊ दिला नाही. माझ्या मुलाला मीच विष चारलं.”

आणि ज्या चरवीला त्या मला पारोशा हातानं शिवू देत नसत, ती त्यांनी त्या परक्या माणसाच्या हातात दिली.

त्यानं ती उजेडात धरली, मग ह्यांच्या पापण्या उघडून पाहिल्या, हाताची कातडी चिमटून पाहिली, ढाळ नाहीत ना हे तीनदा विचारलं. “खात्री देत नाही,” म्हणाला. “पण छपरीत नको. फलाटाच्या टोकाला त्या झाडाच्या सावलीत ठेवा. संध्याकाळपर्यंत ढाळ लागले, तर मात्र मी ऐकणार नाही.”

आमची गाडी पुण्याकडे निघून गेली. आम्ही त्या झाडाखाली बसलो. समोरच ती छपरी दिसत होती. ह्यांनी कूस बदलली तरी आम्ही दोघी दचकून एकमेकींकडे पाहत होतो. उन्हं कलल्यावर त्यांनी पाणी मागितलं. ते पोटात राहिलं. डॉक्टरनं पुन्हा येऊन नाडी पाहिली आणि “छपरी टळली,” एवढंच म्हणाला. सासूबाई झाडाच्या बुंध्याला टेकल्या.

मुंज आमच्यावाचून झाली. घरी परतल्यावर कल्हईवाल्याला बोलावणं गेलं, आणि सगळी भांडी आतून पुन्हा रुपेरी झाली. मला वाटलं, संपलं.

पहिल्याच दिवशी स्वयंपाक झाल्यावर मी नैवेद्याचं ताट वाढायला घेतलं. सासूबाईंनी मला थांबवलं. वरण, भाजी, कोशिंबीर, सगळ्याचा एकेक घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला आणि चुलीपाशी पाटावर स्वस्थ बसून राहिल्या. भात निवून गेला. मग उठून म्हणाल्या, “हं, वाढ आता. आधी देवाला, मग त्याला.” हात चालता होता तोवर हा नेम त्यांनी एक दिवस मोडला नाही.

त्या पहिल्या दिवशी मात्र माझ्यानं राहवलं नाही. “सासूबाई, नैवेद्य उष्टा झाला,” मी म्हटलं.

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “देवाला काही बाधलं, तर त्याला कुणी छपरीत नेत नाही.”