तिसरा पाच कुठून आला?

पटले सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, शेजारणीचा फोन होता. "सर गेले," ती म्हणाली, "तुमी येऊन राहिल्या ना?" डबा तसाच झाकला आणि सरांच्या गावाची, आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावची एसटी पकडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये कापलेल्या रोपांच्या कडपा वाळत पडल्या होत्या, आणि खिडकीशी बसून माझ्या मनात एकच घोळत होतं... सरांचं ते राहूनच गेलं. खरं सांगायचं तर मला रडू आलं ते या विचाराने.

'ते' काय, हे सांगितल्याशिवाय सरांबद्दल काहीच सांगता येणार नाही. गणिताची धास्ती असलेल्यांनीही पुढे वाचायला हरकत नाही, कारण सरांनी आम्हाला ते खडूशिवाय, कॉलेजच्या मैदानावर शिकवलं होतं. मी तेव्हा बी.एस्सी.ला त्यांची विद्यार्थिनी होते. दहा जणांतून पाच जण किती प्रकारे निवडता येतील, असल्या प्रश्नांच्या उत्तरांना द्विपद सहगुणक म्हणतात. या संख्यांची आपसांत गमतीदार नाती असतात, आणि पुस्तकं ती पानभर आकडेमोड करून सिद्ध करतात. त्यात 'का' कुठेच नसायचं, सरांना त्याचा राग यायचा. "हा हिशेब झाला. पन खरं काऊन हाये, ते कुठी सांगतलं यानं?" असं म्हणत एक दिवस त्यांनी अख्खा वर्ग उन्हात नेला. पाच मुलींचा एक फेर, पाच मुलांचा दुसरा. दहांतल्या कोणत्याही पाच जणांना हात वर करायला लावले. मग म्हणाले, वर केलेला हात आपल्या शेजाऱ्याला द्या. हात एक घर पुढे सरकले की नवी निवड तयार, आणि पाचदा सरकले की पुन्हा पहिली. दोन्ही फेर आपापले स्वतंत्र फिरणार, म्हणून एका निवडीतून पंचवीस निवडींचा गट उभा राहतो. फक्त सगळ्या मुलींचे हात वर किंवा सगळ्या मुलांचे, या दोन निवडी कितीही फिरवा, हलत नाहीत. एकूण निवडी दोनशे बावन्न. त्या दोन वगळल्या की उरलेल्या अडीचशेंचे पंचविसांचे गट नेमके पडतात. पाचाच्या जागी दुसरी कुठलीही मूळ संख्या घ्या, असंच होतं. दोन फेरांच्या जागी चार घ्या, दहा घ्या, सरांनी तेही सिद्ध केलं होतं, आणि ते समजावताना मैदान अपुरं पडायचं.

पण खरी गंमत पुढेच आहे. अडीचशेला पंचविसानेच काय, एकशे पंचविसानेही भाग जातो. म्हणजे पाचाने तीनदा. "दोन पाच तं दिसले आपल्याले," सर म्हणाले, "एक या फेराचा, एक त्या फेराचा. हा तिसरा पाच कुठून आला?" आकडेमोडीने ते अर्ध्या पानात सिद्ध होतं. सर तेही शिकवायचे, नीट शिकवायचे, पण काढा प्यायल्यासारखं तोंड करून. त्यांना तो तिसरा पाच मैदानावर, पोरांच्या हातांत बघायचा होता. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी त्यात घातली.

मी स्वतः शिकवायला लागले आणि सर मला 'कटरेबाई' म्हणायला लागले, थट्टेने अर्थात. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी मला तातडीने बोलावून घेतलं. तिसरा पाच सापडला होता! दोन फेर फिरवून जे गट पडतात, ते गटच पुन्हा एका तिसऱ्या तऱ्हेने फिरवायचे, म्हणजे त्यांचे पाच-पाचांचे घोळके होतात. निरोपाच्या दिवशी कॉलेजात हाच विषय मांडायचा ठरलं, बाहेरचे प्राध्यापक येणार होते. टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, आणि टाइप करतानाच मी अडले. तीनदा भाग जाण्याचा हा नियम पाचापासून पुढच्या मूळ संख्यांनाच लागू आहे, तीनला नाही, हे सरांना आणि मला दोघांनाही पाठ होतं. पण सरांच्या युक्तिवादात 'पाचापासून पुढे' याची गरज कुठे पडतच नव्हती. तो तीनलाही तसाच लागू पडत होता. आणि तीनच्या दोन फेरांत निवडी वीस, दोन वगळल्या की अठरा, म्हणजे नऊ-नऊचे दोनच गट. दोन गटांचे तीन-तीनांचे घोळके कसे करणार? जी सिद्धता तीनबद्दल खोटं बोलते, तिच्यावर पाचासाठी तरी कसा विश्वास ठेवायचा?

सरांची चूक त्यांच्या शिकवण्यातूनच आली होती. ते नेहमी खऱ्याखुऱ्या पोरांचे फेर करायचे, आणि तिघांचा कधी कोणी फेर धरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. "कटरेबाई, तोंड काऊन पाडून राहिल्या? बोला." मी बोलले. सर उठून आत जाऊन झोपले... त्या दिवशी ते बाहेर आलेच नाहीत. मला वाटलं, भाषण रद्द होणार. पण निरोपाच्या दिवशी सर उभे राहिले, सगळी सिद्धता तब्येतीत मांडली, टाळ्या घेतल्या, आणि मग सहा विद्यार्थ्यांना पुढे बोलावून तीन-तीनांचे दोन फेर करायला लावले. "आता माही चूक हुडका." पोरांनी ती हुडकली. माझ्या शेजारचे पाहुणे प्राध्यापक हळूच म्हणाले, "अपनी ही बिदाई के दिन... ये कौन करता है भाई?" मला त्या क्षणी सरांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कोणत्याही बरोबर सिद्धतेने वाटला नसता.

पुढे आजारपणातही त्यांचा शोध चालूच होता. परवा, सर जाऊन काही आठवडे झाल्यावर, मी काकूंना भेटायला गेले. काकूंनी चहा मांडला आणि सरळच विचारलं, "लोकं म्हणून रायले का त्यायनं शेवटी काढलं होतं म्हणून. खरं काय, बाई?" हो म्हटलं असतं तर पडताळायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, "नाही निघालं, काकू."

"मालूम होतं मले," त्या म्हणाल्या. "निघालं असतं तं त्या रोजी पोटभर जेवले असते."

सरांच्या खोलीतली एक भिंत काळ्या रंगाने रंगवलेली आहे. ते तिच्यावर लिहायचे आणि सकाळी काकू ओल्या फडक्याने ती पुसायच्या. अजूनही रोज पुसतात. भिंत स्वच्छ होती, खडू खिडकीत. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि मी दोन फेर काढले, पाचाचे. गट मांडले, घोळके करायला गेले, खोडलं, पुन्हा मांडलं. तिन्हीसांजेची एसटी गेल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मागे वळून पाहिलं. काकू फडकं घेऊन दारात उभ्या होत्या.

"हे ठेवू का पुसू?"

"पुसा काकू. चुकलंय."

त्या हसल्या. सर गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

"तेयी रोज असंच म्हनत," त्या म्हणाल्या, आणि पुसायला लागल्या.