उसवलेला मोजा

माझ्या कपाटाचा खालचा खण मोज्यांनी भरलेला आहे. गुडघ्यापर्यंतचे पांढरे, वर लेसची पट्टी असलेले. कातडीच्या रंगाचे नायलॉनचे. चपलेसाठी अंगठा वेगळा केलेले, घोट्यावर गुलाब विणलेले. पेणच्या घामट हवेत, साडी नेसून शाळेत शिकवायला जाणाऱ्या बाईने हे कधी घालायचे ते मला विचारू नका. सगळे माझ्या आईने आणलेत. रोह्याच्या बाजारात गेली की ती माझ्यासाठी मोजे घेते आणि मी ते खणात टाकते. त्यातला एकही जोड कुणाला देऊन टाकायची माझी हिंमत झालेली नाही.

हे सुरू झालं मी लहानपणी शाळेत असताना. आमचं गाव रोह्याहून कोलाडकडे जाताना लागतं. भात कापलं की त्याच शेतात वाल, एवढाच आमचा संसार. शेजारी एक बेने इस्रायली कुटुंब होतं. त्यांचे बरेचसे नातेवाईक इस्रायलला गेले होते आणि तिकडून अधूनमधून पार्सल यायचं. गॅदरिंगमध्ये मी बाहुलीच्या नाचात आहे हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी पार्सलमधला एक जोड मला दिला. पांढरे, तलम, पोटरीवर बारीक फुलांची वेल. आमच्या शाळेत मोजे म्हणजे पीटीचे, तेही ज्यांच्याकडे बूट असतील त्यांचे. मी तो जोड उशाशी घेऊन झोपत असे.

गॅदरिंगच्या दिवशी आईला ते मोजे स्वतःच्या हाताने मला घालायचे होते. तिने हात साबणाने घासून घासून धुतले, पदराला कोरडे केले. पण हिवाळ्यात तिच्या बोटांना भेगा पडत, आणि तेव्हा नुकतीच भाताची झोडणी उरकली होती. पहिला मोजा नीट चढला. दुसरा घोट्याच्या वर आला आणि भेगेत धागा अडकला. तिने हळूच हात सोडवायला बघितलं, तर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वेल सरळ उसवत गेली. मी रडले नाही. आई मात्र हात मांडीवर उपडे ठेवून नुसती बसून राहिली.

मी तोच मोजा घालून नाचले. स्टेजवर उजेड बेताचा, फ्रॉक घेरदार, कुणाचं लक्षही गेलं नाही. घरी येताना मी आईला तसं सांगितलं. नाच कसा झाला, असं विचारलं तर ती म्हणाली, "मी नाच नाय बघितला गो. मला नुसता तुझा पाय दिसत व्हता."

पोराटोरांचं रडगाणं दोन दिवसांत विसरलं जातं, तसं हेही जाईल असं मला वाटलं होतं. गेलं नाही. आईने माझ्या चांगल्या वस्तूंना हात लावणं सोडलं. माझ्या लग्नात शालूच्या निऱ्या चुलतीने घातल्या. आई दारात उभी राहून, इकडे ओढ, तिकडे सोड, असं सांगत होती. माझी मुलगी झाली तेव्हा तिला घ्यायला म्हणून आली, तर आधी दोन्ही हातांवर जुनं लुगडं गुंडाळलं. बाळाची कातडी मऊ असते, म्हणाली. आणि दर खेपेला मोजे. मला एवढंच हवं होतं की तिच्या मनातला तो धागा एकदाचा सुटावा. पण माझा स्वभाव तापट. समजावता समजावता माझा आवाज चढायचा, एकदा तर "पुरे झालं तुझं ते मोज्यांचं पुराण" असं मी तोडून बोलले. तिने मान हलवली आणि पुढच्या खेपेला नवा जोड पुडक्यासकट गुपचूप खणात ठेवून गेली. त्या बोलण्याची मला आजही शरम वाटते. तिच्या हातांनीच आमचं घर चाललं, आणि त्याच हातांचा तिला धाक बसला, तो माझ्या पायांमुळे.

गेल्या दिवाळीत माझी मुलगी मुंबईहून आली ती थेट आजीकडे गेली. मी पेणहून तिच्यासोबत होते. मुलीच्या अंगात आखूड पँट आणि त्याखाली काळे जाळीचे मोजे, गुडघ्यावर आणि मांडीवर मोठमोठी भोकं पाडलेले. हल्ली ते तसेच फाडून विकतात आणि पोरी हौसेने घेतात. आजीला आता कमी दिसतं. मुलगी प्रवासाने दमली होती, तिने लहानपणीसारखे पाय आजीच्या मांडीवर टाकले आणि दाबून दे म्हणाली. आई नको नको म्हणत होती. मुलीने तिचा हात धरून आपल्या पोटरीवर ठेवला. मग आई दाबू लागली, हळूहळू, आणि तिचा चेहरा असा सैल झाला की मी स्वयंपाकघरात जाता जाता थांबले.

तिची बोटं गुडघ्यावरच्या भोकात गेली. तिने हात झटक्यात मागे घेतले.

"फाटला गो," ती म्हणाली. "माझ्या हातानं फाटला."

मुलगी हसली. आजी, फाटकाच विकत मिळतो, सध्या हीच फॅशन आहे, असं तिने परोपरीने सांगितलं. मीही सांगितलं, यावेळी आवाज न चढवता. आई व्हय व्हय म्हणत राहिली, हात पदराखाली होते. नंतर चुलीपाशी मला म्हणाली, "पोर गुणाची हाय. मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलली. तू पण तवा, नाचाच्या टायमाला, तसंच बोललीस."

इतकी वर्षं मी खरं सांगत होते आणि ती ते माझं मोठं मन समजून ऐकत होती.

पंधरवड्याने आई पेणला आली. पिशवीतून एक चपटं पाकीट काढून टेबलावर ठेवायला तिने मलाच सांगितलं. आत काळे जाळीचे मोजे होते, कुठेही न फाटलेले.

"पोरीला दे," ती म्हणाली. "दुकानदारालाच पिशवीत घालायला लावलं. मी हात नाय लावला."