मोटारीने खाल्लेली हळद

लढाई संपल्यावर यांनी लष्कराने मोडीत काढलेली एक लॉरी घेतली आणि चौक गावाहून गवताचे भारे घाटावर न्यायला लागले. खोपोलीपर्यंत ती बरी चाले. घाट लागला की पुढून वाफा सोडी.

त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. माहेर घाटावर. मामंजींनी सांगून टाकलं, "बाप्येच जातील. मोटार घाटात उकळली, तर बाया तान्ही पोरं घेऊन कुठं बसतील?" माझ्या मांडीवर मुलगी होती. मोठ्यांपुढे मला बोलताच येत नसे.

लग्न तोंडावर आलं तेव्हा यांनी मोटारीचा रेडिएटर सोडवून फणसाखाली आणला. मला तो आतून बघायचा होता, म्हणून चहा घेऊन गेले. बारीक नळ्यांची नुसती जाळी होती.

"ह्यानं काय होतं?"

"इंजनात पानी तापतं. ते वरनं ह्यात येतं, उतरताना वाऱ्यानं गार होतं, आन खालनं परत इंजनात जातं."

"म्हंजे बशीत वतलेल्या च्यासारखं?"

"आता तूच चालव मोटार," म्हणून हे हसले.

यांनी वरून कळशी ओतली. खालून थेंबथेंब पाणी आलं, तेही पिवळं. मी वाकून वास घेतला.

"अवं, ही हळद हाय! माझा डबा तुमी रिकामा केलात?"

यांनी मान खाली घातली. रेडिएटर गळत होता. हळद टाकली की भोक बुजतं, असं रस्त्यावरच्या ड्रायव्हरांनी सांगितलं होतं.

"किती टाकलीत?"

"दोन मुठी."

"त्यांनी किती सांगितलेली?"

"चिमूटभर."

"मग थांबलं का गळायचं?"

"थांबलं गं. पानी फिरायचंबी थांबलं."

मला हसू आलं, आणि लगेच बहीण आठवली. झारीच्या तोटीत पान अडकलं तर वरून पाणी ओतून ते जास्तच घट्ट बसतं. तोटीतून उलटं पाणी सोडलं की सुटतं. मी म्हटलं, "उलटा धरून बघा की."

यांनी उलटा धरला. मी खालच्या तोंडातून कळशीमागून कळशी ओतली. बराच वेळ काहीच नाही. मग हळदीचे गोळे आले, गंज आला आणि गवताची एक काडीही. ती आत कशी शिरली, याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

भोक पुन्हा उघडं पडलं. त्यावर कल्हईवाल्याने कथील वितळवून डाक दिला. दुसऱ्या दिवशी हे भारे भरून घाटावर गेले. दिवसभर माझे कान रस्त्याकडे. संध्याकाळी लॉरी आली, तशी मामंजींनी उठून रेडिएटरला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"तापलीया की रं!"

"तापनारच, बाबा. उकळली नाय."

मामंजी बोटांवर फुंकर घालत माझ्याकडे वळले. "पोरीची झबली घे बांधून."

माहेरी पोचलो तेव्हा बहिणीला हळद लावणं चाललं होतं. उरलेली हळद मुठीत घेऊन माझ्या बहिणी यांच्यामागे धावल्या. "चिमूटभर गं, मूठ नको!" हे ओरडले. कुणाला काही कळलं नाही. मी पदर तोंडात धरला.