रेंजचं रजिस्टर

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मोबाईलचा टावर कुठं लागतो आणि कुठं लागत नाही, हे कंपन्यांपेक्षा जास्त एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस नात्याने माझा साडू लागतो. ही बढाई नाही. कंपनीचा माणूस नकाशा दाखवून म्हणायचा की सगळीकडे आमचंच नेटवर्क आहे. साडू मात्र तुम्हाला सांगायचे की हदगावच्या बाजारात अमुक दुकानाच्या पायरीवर उभं राहिलात तर बोलणं होईल, पायरी उतरलात तर तुमचं नशीब. एकदा मी मुद्दाम जाऊन ती पायरी तपासली. पायरीवर बोलणं झालं. उतरलो आणि बायकोचं वाक्य अर्ध्यात तुटलं. ते भाजीचं होतं की माझ्या भावाबद्दलचं, हे अजून कळलेलं नाही.

साडू नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून होते. ऑफिसच्या आवारात पर्जन्यमापक होता, आणि रोज सकाळी आठ वाजता तो बघून रजिस्टरात नोंद करायचं काम त्यांच्याकडे होतं. आमच्याकडचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. वर्षातले बरेचसे दिवस तिथं एकच शब्द लिहावा लागे, ‘निरंक’. पण निरंकसुद्धा आठ वाजताच लिहायचं, साडेआठला नाही, असा त्यांचा दंडक होता. अशा माणसाच्या हातात मोबाईल आल्यावर दुसरं काय होणार? त्यांनी ऑफिसातलं जुनं कोरं रजिस्टर घरी आणलं, पट्टीने रकाने आखले आणि रेंज, वेग, दर अशी तीन शीर्षकं घातली. तीन कंपन्यांचे तीन फोन शर्टाच्या आणि पँटच्या खिशांत वाटून ठेवले, आणि मग हा गृहस्थ जिथं जाईल तिथं आधी रेंज मोजायला लागला.

कंपन्यांची खरी नावं ते कधी घेत नसत. जुन्या कंपनीला ते ‘तलाठी’ म्हणायचे, कारण नावाला प्रत्येक गावात, पण कामाच्या वेळी सापडेलच असं नाही. दुसरीला ‘जावई’. शहरात मोठा थाट, खर्च दांडगा, आणि खेड्यात नेलं की तोंड वाकडं. तिसरी सगळ्यांत स्वस्त, तिचं नाव ‘पाहुणा’. ‘‘येतो, पाणी पितो अन् जातो,’’ असं ते तिचं वर्णन करायचे. ही नावं आमच्या सगळ्या नातेवाइकांत इतकी रुळली, की एकदा घरी माझी बायको फोनवर ओरडून सांगत होती, ‘‘जावई लई महाग पडून राहिला, आता त्याला काढून टाकते!’’ आणि शेजारच्या काकू हातातलं दळण तसंच ठेवून धावत आल्या.

वेग मोजायची त्यांची स्वतःची पद्धत होती. गॅसवर चहाचं आधण ठेवायचं आणि त्याच क्षणी मला स्वतःच्या स्कूटरचा फोटो पाठवायचा. उकळी फुटायच्या आत फोटो लातूरला पोचला तर कंपनी पास. तीन कंपन्या म्हणजे तीन फोटो, तीन आधणं, आणि तो सगळा चहा अक्कांना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, प्यावा लागे. एकाच स्कूटरचे एकाच बाजूने काढलेले शंभरेक फोटो माझ्याकडे साठले होते. दरांच्या बाबतीतही तसंच. रस्त्याच्या कडेला छत्री लावून सिमकार्ड विकणारे लोक साडूंना लांबून येताना पाहिले की छत्री खाली ओढायचे. ‘‘सेकंदाचा हिशोब सांगून राहिले तुम्ही, ते ठीक. पण मुखेडला बाजाराच्या दिवशी तुमचा टावर दमतो का न्हाई, ते सांगा,’’ असं त्यांनी एकाला विचारलं. तो बिचारा मुखेडचा नव्हता. छत्री मिटून तो सरळ जेवायला गेला.

एस.टी.त ते खिडकीची जागा धरत. नांदेडहून लातूरला येताना मांडीवर रजिस्टर, एका हातात पेन आणि दुसरा हात फोनसकट खिडकीबाहेर. लोहा गेलं की तलाठी गेला, अहमदपूरच्या अलीकडच्या चढावर जावई परत आला, असं चाललेलं असायचं. मागच्या बाकावरचे लोक उत्सुकतेने विचारायचे, ‘‘कोण गेलं हो?’’ एकदा माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला त्यांना सोबत नेलं. पोहे समोर आले तेव्हा साडू जागेवर नव्हते. ते गच्चीवर चारी कोपऱ्यांत उभे राहून काहीतरी लिहीत होते. मुलीकडच्यांना वाटलं, ही माणसं आत्तापासूनच घराची मोजणी करून राहिली. ते लग्न जमलं नाही. ‘‘बरंच झालं,’’ साडू म्हणाले. ‘‘न्हाणीघराच्या बाजूला पाक निरंक होतं.’’

या सगळ्याला आम्ही हसायचो, मीच सगळ्यांत जास्त. पण त्यांची मुलगी शुभदा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला लातूरला शिकवणीला ठेवायचं ठरलं, तेव्हा हसणं जरा कमी झालं. त्या वर्षांत आमचं लातूर शिकवण्यांच्या पाट्यांनी भरून गेलं होतं. ज्याला दोन खोल्या जास्त होत्या त्याने वसतिगृह काढलं होतं. मी लातूरचाच, शाळेत मास्तर, तेव्हा खोली शोधायला साडूंबरोबर मी. बाकीचे पालक पाणी किती दिवसांनी येतं, मेसमध्ये भाकरी असते का, क्लास किती लांब, असं विचारायचे. साडू काही न विचारता पादत्राणं काढून आत जायचे आणि मोजायला लागायचे. अकरा ठिकाणं नापास झाली. बाराव्या ठिकाणी, तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत, कॉटवर, खिडकीत, दाराआड, सगळीकडे तिन्ही कंपन्यांच्या काड्या भरून आल्या. साडूंचे डोळे चमकले. तिथल्या तिथं त्यांनी वर्षाचं भाडं भरलं, आणि शुभदासाठी आणलेला नवा फोन पिशवीतून बाहेर काढला.

वसतिगृहाच्या मावशींनी हात पुढे केला. ‘‘तो इकडं द्या. कपाटात राहील. बारावी होईस्तोवर पोरींना फोन न्हाई.’’

‘‘न्हाई म्हणजे?’’

‘‘न्हाई म्हणजे न्हाई. खाली रुपयाचा डबा हाय, त्याच्यावर बोलायचं. पण काका, मग तुम्ही इतका वेळ काय मोजून राहिले होते? मला वाटलं, भिंतीतली ओल बघून राहिले.’’

लातुरातल्या कुठल्याही वसतिगृहात मुलींना फोन ठेवू देत नाहीत, हे मला माहीत होतं. पण साडू इतक्या भक्तिभावाने मोजत होते, की मला वाटलं, त्यांनाही माहीत असेल आणि हे केवळ समाधानासाठी चाललंय. तसं मी त्यांना सांगितलं. नांदेडच्या गाडीपर्यंत ते माझ्या चार पावलं पुढेच चालले. पुढच्या आठवड्यात रजिस्टरात चौथी ओळ आली, ‘डबा’. रेंज: जिन्यापाशी. दर: एक रुपया. वेग: रांगेवर अवलंबून.

मी हे अक्कांना हसत हसत सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. साडूंची धाकटी बहीण औसा तालुक्यात दिली होती. त्र्याण्णवचा भूकंप झाला त्या सकाळी साडू नांदेडला एस.टी.डी. बूथ उघडायच्या आधीपासून दारात उभे होते. बहिणीच्या गावात एकाच घरी फोन होता. बूथवाला म्हणायचा, लागतोय, लागतोय, थांबा. गेलो आणि मागून फोन लागला तर, असं वाटून हे जागचे हलले नाहीत. दिवसभर नंबर फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी गाडी धरून गेले. बहिणीला ढिगाऱ्यातून आदल्या दिवशीच काढलं होतं. त्या दिवशी दुपारपर्यंत ती शुद्धीत होती, भाऊ आला का म्हणून विचारत होती. हे पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अक्का म्हणाल्या, ‘‘तवापासून फोन लागला न्हाई की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत न्हाई.’’ मला फार शरम वाटली. स्कूटरचे सगळे फोटो मी पुसून टाकले होते, याचंही वाईट वाटलं.

शुभदा बारावीला असताना एकदा सकाळी दहाच्या सुमाराला लातूरला हलकासा धक्का बसला. शाळेत बाकं थरथरली, मुलांना आम्ही मैदानात आणलं, आणि पाच मिनिटांनी पोरं तिथंच लंगडी खेळायला लागली. कुठं भांडं फुटल्याचंसुद्धा ऐकू आलं नाही. पण धक्का म्हटल्यावर सगळा जिल्हा एकदम फोनला लागला, आणि तलाठी, जावई, पाहुणा तिघंही एकाच वेळी झोपले. मी सायकल काढून वसतिगृहावर गेलो. शुभदा जिन्यापाशी डब्याच्या रांगेत मैत्रिणींबरोबर पेरू खात उभी होती. तासाभराने तिचा नंबर आला, तेव्हा लाईन मोकळी झाली होती; ती आईशी बोलली, फोन माझ्या हातात दिला आणि क्लासला गेली. मग अक्का माझ्याशी बोलल्या. ‘‘हे निघालेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘धक्क्याची बातमी कळली, तिन्ही फोन एकेकदा लावून बघितले, टेबलावर ठेवले अन् गेले. चप्पल घालताना नीट बोललेसुद्धा न्हाईत.’’

म्हणजे पोरगी सुखरूप असल्याचं सगळ्या नात्यागोत्याला कळलं होतं, फक्त एका माणसाला कळलेलं नव्हतं, आणि त्याच्या खिशात मोबाईल घेतल्यापासून पहिल्यांदाच एकही फोन नव्हता. मी बसस्टँडवर जाऊन उभा राहिलो. अडीचच्या गाडीच्या दारात ते आले. मी दिसल्याबरोबर ते गाडीच्या पायरीवरच मटकन बसले. मी तिथं का आलोय, याचा त्यांनी एकच अर्थ लावला असणार. मी गर्दीतून ओरडत गेलो, ‘‘ठीक आहे! क्लासला गेलीय! पेरू खात होती!’’ कंडक्टर म्हणाला, ‘‘काका, उतरा की.’’ पण त्यांना उठवेना. मी हात धरून उतरवलं.

संध्याकाळी शुभदा वैतागून म्हणाली, ‘‘बाबा, आईशी कधीच बोलले मी. थोडं थांबून फोन करायचा की!’’

‘‘हाव, करायचा होता,’’ साडू म्हणाले. ‘‘म्हटलं, येऊनच बघावं.’’

आता शुभदा डॉक्टर आहे, मुखेडला असते, दिवसातून दोनदा बापाला फोन करते. साडू निवृत्त झालेत. रेंज सगळीकडे आली आणि त्यांचा सल्ला विचारायला येणारं कोणी राहिलं नाही. मागच्या महिन्यात मला कंपनी बदलायची होती, तेव्हा मी मुद्दाम नांदेडला जाऊन त्यांना विचारलं. त्यांना मनापासून आनंद झाला. अक्कांनी चहा ठेवला, एकच आधण, आणि साडूंनी ट्रंकेतून ते जुनं रजिस्टर काढून माझ्या हातात दिलं. पानं उलटताना त्या धक्क्याच्या दिवसाची नोंद सापडली. तलाठी: निरंक. जावई: निरंक. पाहुणा: निरंक. त्याखाली, त्याच सुबक अक्षरात, नवी ओळ आखली होती. एस.टी.: वेग कमी. पोचते.

मी त्या ओळीवर बोट ठेवून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘‘तवा, बहिणीच्या वेळी, हे लिहिलेलं न्हवतं, साडूभाऊ,’’ ते म्हणाले.

मग त्यांनी माझा फोन घेतला आणि खिडकीशी जाऊन काड्या मोजायला लागले. त्या भरलेल्याच होत्या. तरी मी त्यांना हवा तेवढा वेळ मोजू दिलं.