आबांच्या खोलीतली केळ

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आबांइतका एकटा आणि तरीही अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाणारा माणूस सुरतेत दुसरा नसावा. त्यांचं उभं आयुष्य बमरोलीच्या कारखान्यांत कापडाचे लूम चालवण्यात गेलं. त्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही काही कळत नाही, आणि लूम सुटले तरी ती सवय काही सुटली नाही. त्यामुळे आबा वर जे बोलतात ते खाली मला, समोरच्या शिंप्याला आणि पार कोपऱ्यावरच्या खमणवाल्याला शब्दन् शब्द कळतं. नव्या भाडेकरूला प्रश्न पडतो की हे बोलतात तरी कुणाशी, कारण बायको जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगा बायकोपोरासह तापीपलीकडे अडाजणला फ्लॅटमध्ये राहायला गेला. आबा बोलतात ते घरातल्या केळीशी. तेही अहिराणीत, कारण नातवाला गुजराती येते, मला परभणीची मराठी येते, आणि अहिराणी ऐकून घेणारं त्या खोलीत दुसरं कुणी नाही.

ही केळ आबांच्या गावाकडची, चोपड्याची. तिचा कंद आबांनी एसटीत मांडीवर घेऊन आणला. मिलमधला रंगाचा निळा पिंप अर्धा कापून, बुडाला भोकं पाडून त्यात तो लावला आणि पिंपाला खालून चाकं बसवली. सकाळी ऊन खिडकीत असतं तेव्हा केळ खिडकीत, दुपारी ऊन दाराशी आलं की केळ दाराशी. मध्ये कुणी पाहुणा बसला असेल तर पाहुण्याने उठायचं. पाणी फक्त नळाचं. बोअरचं चालत नाही, फिल्टरचं तर नावही काढायचं नाही. नळाला येतं ते तापीचं आणि तापी येते चोपड्यावरून, म्हणजे पोरीला माहेरचं पाणी मिळतं, हे त्यांचं शास्त्र. मध्ये उकाईचं धरण आहे, असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यानंतर चार दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत, केळीशी मात्र माझ्याविषयी पुष्कळ बोलले.

जात बुटकी आहे असं ते शपथेवर सांगतात, पण उजेडाच्या ओढीने ती छताला टेकली. एकदा ऐन मे महिन्यात वर गेलो तर आबा बनियनवर घामाने निथळत बसलेले आणि पंखा बंद. वीज गेली का, असं मी विचारलं.

"वीज शे," ते म्हणाले. "पन पंखा लावा की तिना पानं फाटतस. मी काय फाटत नई."

बुंध्याशी पिलं फुटू लागली की मात्र आबांचा जीव कासावीस होतो. पिलं वेळेवर कापली नाहीत तर मोठं झाड उपाशी राहतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. तरी विळा हातात घेऊन ते सबंध सकाळ काढतात. मागच्या खेपेला त्यांनी पिलं कापली आणि मग केळीची समजूत घालत बसले, की ठेवली असती तरी मोठी होऊन निघूनच गेली असती, तू कशाला वाईट वाटून घेतेस. खाली मी शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होतो. पुढची वही काही मला उघडवेना.

या केळीपायी आबांनी शेजारही तोडला. सत्यनारायणासाठी कुणी पान मागायला आलं तर हे दार लावून घेत. हळूहळू पान मागणारे यायचे बंद झाले आणि साखर मागणारेही. पण आबांना फिकीर नव्हती, कारण त्यांचा बेत वेगळाच होता. खानदेशी घरांत श्रावणात कानबाई बसते आणि देवीच्या दोन्ही बाजूंना केळीचे खांब लागतात. यंदा कानबाई आपल्या खोलीत, जित्या केळीखाली बसवायची असं त्यांनी ठरवलं होतं. आणि कानबाई बसली की मुलाला यावंच लागणार होतं. तिच्या प्रसादाचे जाडजूड रोट घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने गहू काढून करतात आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे असतात. परक्याला तुकडासुद्धा नाही. मुलगा-नातू नाही आले तर रोट संपणार कसे, एवढा साधा त्यांचा विचार.

कानबाईच्या रविवारी आबांनी दाढी केली, टोपी घातली, एकेक पान ओल्या फडक्याने पुसलं. स्वतःच्या, मुलाच्या आणि नातवाच्या नावाने काढलेल्या गव्हाचे रोट स्वतःच भाजले. एक बाजू कच्ची आणि एक करपलेली, पण केले. मला देवीच्या पाया पडायला बोलावलं होतं. तेवढ्यात फोन आला. आबांना कमी ऐकू येतं म्हणून तो नेहमी स्पीकरवर असतो.

"आबा, पोऱ्यानी आज मॅच शे," मुलगा म्हणाला. "आसं करा, आमना वाटाना रोट डिलिव्हरीवालाना हाते धाडी द्या. मी बुकिंग करी देस."

आबा काहीतरी बोलले. पण काय बोलले ते मला, त्याच खोलीत हातभर अंतरावर बसलेल्याला, ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मग त्यांनी आपल्या वाट्याचा रोट सावकाश खाल्ला. माझ्याने बघवेना. मी म्हटलं, आबा, मला द्या एक तुकडा. त्यांनी ताट मागे ओढलं.

"राग मानू नका, सर. तुम्ही परका शेतस."

उरलेले रोट त्यांनी चुरले, पिंपाजवळ बसून केळीच्या बुडाशी घातले आणि वरून हाताने माती सारखी केली.

"हाई बी घरनीच शे," ते म्हणाले. "हिना वाटा हिले."

मी दाराशी चपला घालत होतो. मलाही घरचा धरा, असं म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. पण ते मागून मिळत नाही, हे या शहरात इतकी वर्षं एकट्याने भात शिजवून मला चांगलं ठाऊक आहे. मी दार हलकेच ओढून घेतलं आणि खाली आलो.