पद्माचं अळिवाचं ताट

पद्मा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याला भावाकडे होते. सांगलीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. विश्रामबागेतल्या तिच्या घरात शिरताना रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. छातीत दुखतंय हे या बाईनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं...

आम्ही शेजारणी. तिच्या अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरांनी तिला हिरवा पाला खायला सांगितला होता. पद्मा जैन, चातुर्मासात पालेभाजी बंद. तो संपल्याबरोबर मी अळिवाचं पाकीट नेऊन दिलं. "माझं बाळंतपण काढतीस काय गं आता?" म्हणून ती खो खो हसली. म्हटलं, लाडू नव्हे, पाला! ताटात ओलं फडकं पसर, वर कोरडंच बी भुरभुर, पाणी शिंपडत राहा. आठवड्याभरात कोशिंबिरीत घालायला तयार. इतकं सोपं. तर हिनं मटकीसारखं रात्रभर भिजवून पुरचुंडी बांधली! सकाळी नुसता बुळबुळीत गोळा. वर मलाच ऐकवलं, "तुझं बीच खराब हाय."

पुढच्या खेपेला नीट उगवलं, पण मुळांना पांढरी लव आली. झालं! पद्माला ती बुरशी वाटली. बुरशी म्हणजे जीव, तो पोटात कसा घालायचा? अगं, ती मुळांची लव, पाणी शिंपडलं की बसते, बुरशी बसत नाही... घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. "बसू दे न्हाईतर उठू दे, मी न्हाई खायची." मी दाखवायला जाईपर्यंत ताट पेरूच्या झाडाखाली अलगद रिकामं झालेलं असायचं. दर वेळी हेच. बरं, पेरणं तरी सोडेल? छे! "या खेपेला न्हाई येणार बघ बुरशी," म्हणत पुन्हा फडकं ओलं करायची. एक पान तिनं कधी तोंडात घातलं नाही.

मी साताऱ्याहून पोचले त्या दिवशीही तिच्या खिडकीत तिनं पेरलेलं ताट होतं. तिचे यजमान अण्णा हळूच म्हणाले, "वैनी, बुरशी आलीया. पेरूखाली टाकून येऊ का? ती तसंच करायची."

"थांबा," म्हणत मी पाणी शिंपडलं. बघता बघता लव मुळांना चिकटून दिसेनाशी झाली. "बघ, सांगत नव्हते?" म्हणत मी मागे वळले. मागे एकटे अण्णा उभे होते.

ते ताट आता माझ्या खिडकीत असतं. त्यातच पेरते, कापते, कोशिंबिरीत घालते. लव आली की पाणी शिंपडते, ती मुकाट बसते. दर वेळी मीच जिंकते... आणि वीट आलाय मला या जिंकण्याचा.