हिरव्या दगडाची विहीर

मी तोंडाची फटकळ, हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी कळायला वेळ लागला. रनाळ्याला आमच्या घरी सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नसे. सांगायचंच झालं तर दाराआड उभं राहून सासूला सांगायचं. सासरे तिथंच बसलेले, शब्द न् शब्द ऐकू जायचा, तरी ते सासूला विचारत, काय म्हणते ती? मग सासू तेच पुन्हा सांगे. मला याचा इतका राग यायचा की भाकरीवर हात जरा जास्तच जोरात पडायचा.

साठ सालाच्या पुढची गोष्ट. पोटात माझं पहिलं बाळ होतं आणि पाणी नाल्यातल्या झिऱ्यावरून आणायचं. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. त्यात वाटी वाटी पाणी जमणार, तेवढं हंड्यात ओतत बसायचं. म्हणून घराशेजारच्या मळ्यात विहीर खणायला घेतली तेव्हा मला कोण आनंद झाला! सुरुंग उडाला की घरातली मडकी हादरायची आणि मी मनात म्हणायची, उडू दे बाई, अजून उडू दे.

खाली काळ्या दगडात आणखी कडक दगडाची उभी भिंत लागली. तिच्या अंगाला एक फट होती आणि फटीतून पाणी फुटलं. पण त्याच फटीतून हिरवा दगड निघाला. गवतासारखा हिरवा नव्हे. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की काठाला जो रंग चढतो ना, तो.

गावातल्या म्हाताऱ्यांनी दगड हातात घेऊन सांगून टाकलं, हे मोरचूद आहे. बैलाच्या सडक्या खुराला लावतात ते, पोटात गेलं तर माणूस उरत नाही. झालं! त्याच आठवड्यात आमच्या एका बैलानं चारा सोडला. त्यानं विहिरीचं थेंबभर पाणी प्यायलं नव्हतं, पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली.

सगळ्यात जास्त धसका घेतला तो सासूबाईंनी. त्यांची एक मुलगी लहानपणी पितळी भांड्यात कळकलेल्या ताकानं गेली होती. मला हे शेजारणीनं सांगितलं; त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. कल्हईवाला गावात आला की मात्र त्या घरातलं एकूणएक भांडं त्याच्यापुढे नेऊन ठेवत. त्यांनी तो दगड पाहिला आणि सासऱ्यांना सांगितलं, विहीर बुजवा. सासऱ्यांनी हो म्हटलं. नवरा बापापुढे तोंड उघडत नव्हता. मी दाराआड उभी, पोटावर हात ठेवून. इतकी चिडले होते की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात गावाबाहेर तंबू ठोकून राहिलेले सरकारी भूगर्भवाले साहेब जीप घेऊन आले. ते आमच्या भागात काळ्या दगडातल्या त्या उभ्या भिंतीच शोधत फिरत होते. विहिरीत उतरले आणि वर आले ते हसतच. बुजवण्याआधी थोडे दिवस द्या, म्हणाले. मग भिंतीच्या अंगाअंगानं मळ्यातून त्यांनी माणसं लावून चर खणायला घेतला. मधूनमधून दगड फोडायचे, भिंगानं बघायचे, पिशवीत भरून चिठ्ठी लावायचे. आमच्याकडे हा सगळा मुलूख लाव्हाचा, त्यात तांबं सहसा मिळत नाही, असं ते नवऱ्याला सांगत. फार पूर्वी जमिनीतल्या गरम पाण्यानं भेगेतून तांबं वर आणलं असेल, आणि हा हिरवा थर म्हणजे त्या तांब्याचा गंजच.

बुजवायच्या दिवशी विहिरीच्या काठावर दगडांचा ढीग तयार होता आणि अर्धं गाव जमलं होतं. साहेबांना वाटलं, आपण खात्री करून दिली की लोक थांबतील. त्यांनी हिरव्या दगडाची पूड काचेच्या नळीत टाकली, वर तेजाब ओतलं. पूड फसफसली. मग घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा आत बुडवून बाहेर काढला. खिळा तांबडा झाला होता, तांब्याचा मुलामा चढलेला. साहेबांनी तो सगळ्यांना दाखवला आणि आनंदानं म्हणाले, ‘बघा! शंभर टक्के तांबं!’

मोरचूदही तांब्याचंच, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मग माणसं वाकली आणि दगड उचलायला लागली. साहेब गोंधळून इकडेतिकडे बघत राहिले. हा दगड साध्या पाण्यात विरघळत नाही, पाण्याची बाटली तपासायला पाठवतो, असं ते सांगत होते, पण ऐकतंय कोण? पहिला दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला.

तो आवाज ऐकून मी हंडा आणि तांब्या उचलून दाराआडून निघाले ती थेट विहिरीवर गेले. पदर मात्र पुढे ओढलेला होता. सासरे समोर होते, म्हणून तोंड सासूबाईंकडे केलं. म्हटलं, आत्याबाई, ताक कळकतं, कारण ते आंबट. पाणी कळकतं का? आपल्या घरात पाण्याचा हंडा कशाचा आहे? तांब्याचाच ना? रात्रभर त्यात राहिलेलं पाणी सकाळी सगळं घर पितं, तुम्ही तेच पाणी देवाला घालता. आज तेच तांबं विष झालं का? एवढं बोलून मी पोहऱ्यानं पाणी शेंदलं आणि तांब्या भरला.

सासऱ्यांनी नेहमीसारखं विचारलं, काय म्हणते ती?

सासूबाईंनी माझं बोलणं पुन्हा सांगितलं नाही. मी तांब्या तोंडाला लावणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

‘तुले काही व्हयनं ते दोन जीव जातीन,’ त्या म्हणाल्या. ‘मन्हा एकच शे.’

आणि माझ्या हातातून तांब्या घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

मग त्या तिथंच, दगडांच्या ढिगाऱ्यावर बसून राहिल्या. कळकलेलं पोटात गेलं की थोड्याच वेळात उलट्या सुरू होतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी शेजारी बसले. मघाचा सगळा तोरा उतरला होता. माझं बोलणं चुकलं असलं तर, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. त्यांनी कपाळाचा घाम पुसला की मी त्यांच्या तोंडाकडे बघायची. उन्हानं घाम आलाय की कशानं, विचारायचा धीर होईना. साहेब चराच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि नवऱ्याजवळ पडेल आवाजात बोलले. विहिरीत बोटभर जाड असलेली तांब्याची रेघ पुढे दोऱ्याएवढी होते, मग नुसता डाग उरतो. खाण काही इथे होणार नाही. नवऱ्यानं मान हलवली. त्याचे डोळे आईवर होते.

ऊन उतरलं. गुरं परत यायला लागली. काठावरची माणसं अजून हलली नव्हती.

सासूबाईंनी गुडघ्यांवर हात टेकले आणि उठल्या. रिकामा हंडा माझ्याकडे सरकवला.

‘पानी भर,’ त्या म्हणाल्या. ‘सयपाकले येळ व्हई ऱ्हायना.’

मी पोहरा सोडला, पण रडू इतकं आलं की दोर काही ओढवेना. शेवटी तो सासऱ्यांनी ओढला.